सायकलवाल्यानं जायचं तरी कुठून? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या गावात सायकल चालवताना काय त्रास होतो ते लिहून कळवा. पत्रं आली ती बहुतेक कामाला जाणाऱ्यांची आणि शाळेत पोरं पाठवणाऱ्यांची, हौशी सायकलवाल्यांची अगदी थोडी. रविवारी पहाटे दौलताबादपर्यंत जाऊन फोटो टाकणाऱ्यांशी आमचं काही भांडण नाही, पण सायकल ट्रॅकचा विषय निघाला की नेहमी तेच डोळ्यासमोर येतात आणि डबा कॅरिअरला बांधून कंपनीत जाणारा माणूस कुणाला दिसतच नाही, म्हणून यावेळी त्याच पत्रांना जास्त जागा दिलीय.

माझे मिस्टर रांजणगावहून वाळूज एमआयडीसीत सायकलवर जातात. सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला रात्रीचे बारा वाजतात. रस्त्यावर लाईट आहेत पण किती चालू ते विचारू नका, हायवा आणि कंटेनर अगदी खेटून जातात. मी हेल्मेट घेऊन देते म्हणते, ते म्हणतात लोकं हसतील. कायद्यानं लागतं का? (एक गृहिणी, रांजणगाव शेणपुंजी)

ताई, कायद्यानं लागत नाही, मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटरसायकलवाल्यांना आहे. घातलं तर चांगलंच, सायकल घसरून डोकं आपटलं तर उपयोग होतो. पण एक सांगू का, हायवानं मागून ठोकलं तर हेल्मेट फार काही वाचवत नाही, त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी ते दिसण्यावर खर्च करा. मागे लाल लुकलुकणारा दिवा, पुढे पांढरा दिवा, पेडलला पिवळे रिफ्लेक्टर आणि मडगार्डवर, कॅरिअरवर, डब्याच्या पिशवीवर सुद्धा रेडियमची पट्टी. नव्या सायकलला रिफ्लेक्टर पाहिजेच असा केंद्राचा आदेश २०२० साली निघाला, पण तुमची सायकल जुनी असेल तर रेडियमवाल्याकडून हे काम फार थोड्या पैशात होतं. पेडलचे रिफ्लेक्टर विसरू नका, ते खालीवर हलतात म्हणून ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे.

आता खरी गोष्ट. हे सगळं केलं तरी ओझं तुमच्या मिस्टरांवरच राहतं आणि गाडीवाल्याला कुणी काही बोलत नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत शहराच्या हद्दीत कारला ताशी ७० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, मोटरसायकलला ६०. सायकल चालते साधारण पंधरानं. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली, तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलंय की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे वेग ३० च्या वर नको. आपल्याकडे हे करता येत नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली एखाद्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी करून बोर्ड लावता येतो. तेव्हा कंपनीतल्या दहा-वीस सायकलवाल्यांनी मिळून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला अर्ज द्यावा, तिचे अध्यक्ष कलेक्टर असतात. अर्जात "सुरक्षितता वाढवा" असं मोघम लिहू नका. कोणत्या चौकापासून कोणत्या गेटपर्यंत, शिफ्ट सुटायची वेळ काय, कोणत्या नंबरचे खांब बंद आहेत, एवढं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं, नंबर लिहिलेल्या अर्जाला काहीतरी टिपण टाकावंच लागतं.

आणि लोकं हसतील त्याचं काय, त्यांना म्हणावं हसा.

सायकलवाल्यांची फार बाजू घेता तुम्ही. मी रोज कार चालवतो. राँग साईडनं येणारे हेच, सिग्नल तोडणारे हेच, आणि रोड टॅक्स एक रुपया भरत नाहीत. मग यांना वेगळा रस्ता कशासाठी? (एक कारचालक, जालना)

साहेब, टॅक्सचं आधी मिटवून टाकू. गाडी घेताना तुम्ही जो टॅक्स भरता तो राज्याच्या तिजोरीत जातो. तुमच्या घरासमोरचा गल्लीतला रस्ता होतो तो पालिकेच्या पैशातून, म्हणजे घरपट्टी आणि सरकारी अनुदानं, आणि घरपट्टी सायकलवाला सुद्धा भरतो, भाड्यानं राहत असला तर भाड्यातून भरतो. शिवाय त्याच्या सायकलनं खड्डे पडत नाहीत, ते कुणामुळे पडतात ते साखर कारखाना चालू झाला की जालन्यात कुणालाही विचारा.

राँग साईडचं मात्र तुमचं बरोबर आहे, राँग साईडनं येणं धोक्याचंच आहे, आणि रात्री बिनलाईटचं येणं तर फारच. पण तो तसा का येतो हे कधी बघितलंय का? हायवे चौपदरी झाला, मध्ये डिव्हायडर आला, कट दिला तो किलोमीटर-दीड किलोमीटर लांब. तुम्हाला कारमधून त्याची दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. सायकलवाल्याला समोरच्या कंपनीत जायला जाऊन-येऊन तीन किलोमीटर उन्हात तंगड्या मारायच्या, ते पण दिवसभर उभं राहून काम केल्यावर. माणूस कडेकडेनं राँग साईड घेणारच, मीही घेईन. हे त्याच्या स्वभावात नाही, रस्त्याच्या नकाशात आहे. डिव्हायडर आखताना चालणाऱ्याला आणि सायकलला दर तीन-चारशे मीटरवर ओलांडायला जागा ठेवली, किंवा दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड दिला आणि त्यावर दुतर्फा सायकल जाऊ दिली, तर निम्मं राँग साईड आपोआप बंद होतं. पोलीस उभे करून ते होत नाही.

आणि "यांना कशासाठी" म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर कामाला जाणाऱ्यांत साधारण १३ टक्के लोक सायकलनं जात होते, मोटरसायकल-स्कूटरवाले तेव्हा त्यांच्या जवळपासच होते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात सायकलवाले ४,८०० च्या वर आणि पायी चालणारे ३२ हजारांच्या वर. यातल्या सायकलवाल्यानं किंवा चालणाऱ्यानं कारमधल्या किती जणांना मारलं ते तुम्हीच शोधा.

तुमच्यासाठी पण एक काम आहे. रस्त्याकडेला कार लावून दार उघडताना डाव्या हातानं उघडा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डावा हात दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. फुकटची सवय आहे.

आमच्या रोडवर सायकल ट्रॅक होणार अशी चर्चा चालूय. दुकानासमोर पार्किंग गेली तर गिऱ्हाईक येणार कसं? (कापड दुकानदार, नांदेड)

शेठ, एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली सहज लागतात, म्हणजे गिऱ्हाईक मोजायचं की गाड्या, ते आधी ठरवा. आठवडाभर दुकानात येणाऱ्याला नुसतं विचारा की कशावर आलात, दुकानदाराचा अंदाज आणि खरा आकडा यात भरपूर फरक निघतो. आणि नांदेडला हा विषय नवा नाही ना. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीच्या वेळी जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या पैशातून तुमच्याच शहरातले रस्ते नव्यानं झाले, आर्किटेक्ट प्रदीप सचदेवा यांच्या डिझाइनमध्ये फुटपाथ, सायकलची वेगळी पट्टी, झाडं आणि फेरीवाल्यांना सुद्धा जागा होती. मराठवाड्यात हे होत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी नांदेडचं नाव सांगतो.

तुमची भीती खरी ठरते ती ट्रॅक नुसता रंगाचा असला तर. हिरवा पट्टा मारला, सायकलचं चित्र काढलं, फोटो छापून आला, की दुसऱ्या आठवड्यात त्यावर टमटम उभी. मग सायकलवाला परत गाड्यांमध्ये आणि दुकानदार म्हणतो बघा कुणी वापरत नाही. मोटार गाडीनं सायकल ट्रॅकवरून जाऊ नये हा नियम १९८९ पासून लिहिलेला आहे, पण नियम वाचून कुणी थांबत नाही, कर्ब, म्हणजे कडेचा उंच काठ, आणि खांब बघून थांबतं. खांबामधलं अंतर एवढं ठेवायचं की दुधाचे कॅन लावलेली सायकल जाईल आणि कार जाणार नाही. रुंदी दोन मीटर तरी पाहिजे, नाहीतर हळू जाणाऱ्या आजोबांच्या मागं सगळी रांग. चेंबरची जाळी आडवी बसवायची, उभ्या गजांमध्ये सायकलचं चाक अडकून माणूस तोंडावर पडतो, ही चूक ठेकेदार हमखास करतात. आणि सावली! एप्रिल-मे मध्ये बेचाळीस डिग्रीत बिनझाडाचा ट्रॅक कुणी वापरला नाही तर दोष सायकलवाल्याला देऊ नका. लिंब लावा, करंज लावा, काहीही लावा पण ते पाम नका लावू.

माझी पोरगी नववीला हाय, शाळंतून सायकल मिळाली. शाळा चार किलोमीटर, मधी हायवे लागतो. उसाची डबल ट्रॉली, हायवा, सगळं लई सुसाट राहतंय. बायको म्हणती सायकल बंद करा. काय करावं? (शेतकरी, औसा तालुका, लातूर)

दादा, सायकल बंद करू नका. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात त्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना, कारण त्या अंतरावर बसचा भरवसा नाही आणि चालून जमत नाही. सायकल गेली की पोरीची शाळा सुटायला फार वेळ लागत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. वहिनींची काळजी पण खोटी नाही. तेव्हा एका रविवारी तुम्ही स्वतः तिच्यासोबत सगळा रस्ता सायकलवर करा, मोटरसायकलवर नाही, सायकलवरच. शिवारातली पाणंद किंवा जुना गाडीरस्ता लांबचा असला तरी हायवेपेक्षा बरा, पावसाळ्यात चिखल होतो ते माहितंय, मग पाणंद रस्त्याच्या कामात हा रस्ता घ्या म्हणून ग्रामसभेत मांडा, शाळेच्या मुली जातात हे कारण ठरावात लिहायला लावा. हायवे ओलांडायचाच असेल तर पोरींनी घोळक्यानं, उतरून, सायकल हातात धरून ओलांडायचा. उसाच्या ट्रॉलीच्या शेजारून कधी घुसायचं नाही, मागची ट्रॉली वळताना आत कापते आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही, वरून टेप जोरात चालू.

शाळेसमोर गतिरोधक आणि ३० चा बोर्ड मुख्याध्यापकांनी आणि शाळा समितीनं मागायचा. रस्ता कुणाचा ते आधी बघा, जिल्हा परिषद, बांधकाम खातं की राष्ट्रीय महामार्ग, नाहीतर अर्ज वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर. कुणी दाद देत नसेल तर अर्जात मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ लिहा. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही, पण धोका आधीच लेखी कळवला होता हा कागद फाईलला लागला की साहेब लोक जरा जागे होतात.

भावाला सायकलवर जाताना पिकअपनं उडवलं, पाय मोडला, गाडी पळून गेली. सायकलला कुठला इन्शुरन्स? म्हणून आम्ही गप्प बसलो. (बीड)

गप्प बसू नका. इन्शुरन्स सायकलचा लागत नाही, धडकणाऱ्या गाडीचा लागतो, आणि गाडी सापडलीच नाही तरी सोय आहे. १ एप्रिल २०२२ पासून हिट अँड रनमध्ये मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज तुमच्या भागातल्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार, तिथे करायचा. पोलिसांत गुन्हा नोंदलेला नसेल तर आधी ते करा, "अज्ञात वाहन" म्हणून नोंद होते. गाडीचा नंबर एखाद्या हॉटेलच्या किंवा पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत सापडला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालतो, पण मुदत अपघातापासून सहा महिने आहे, ती घालवू नका.

बाकीच्या वाचकांसाठी, २०२५ पासून मोटार गाडीच्या अपघातात जखमी झालेल्याला ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे, सायकलवाला आणि चालणारा दोघंही त्यात येतात. दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे करता येत नाही, तेव्हा घाबरून निघून जाऊ नका.

भावाची मोडकी सायकल भंगारात देण्याआधी फोटो काढून ठेवा, एक्स-रे आणि औषधांची बिलं एका पिशवीत टाका, आणि दुरुस्तीला दिली असेल तर सायकल दुरुस्तीवाल्याकडून सही असलेली चिठ्ठी घ्या, दाव्यात सायकलचं नुकसान पण मागता येतं.