नंबर घे आणि जाऊ दे

पोरा,

तुझा मेसेज रात्री पुन्हा पुन्हा वाचला. नाकाबंदीत ट्रिपल सीट पोरं थांबली नाहीत, तू बॅरिकेड आडवं ढकललंस, शेजारच्या हवालदाराने काठी फेकली, गाडी घसरली आणि सगळ्यात मागे बसलेल्या पोराचं खांद्याचं हाड मोडलं. आता वरून जबाब मागितलाय आणि तू विचारतोस, "काका, यात आमचं काय चुकलं? थांबायचा इशारा तर केला होता."

केला होता, मान्य. त्यांनी थांबायलाच हवं होतं, तेही मान्य. वाहतुकीचं नियमन करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळायचा असतो, हे मोटार वाहन कायद्याचं ११९ कलम तू ट्रेनिंगला घोकलंयस, मी पुन्हा सांगत नाही. पण त्या इशाऱ्यापाशी गोष्ट संपत नाही. थांबले नाहीत तर पुढे काय? तुझ्या सगळ्या मेसेजमध्ये याचं एकच उत्तर धरून चाललंयस, की अडवायचं. नंबर घ्यायचा आणि जाऊ द्यायचं, हे तुझ्या मनात आलंच नाही. घडलं ते घडलं, पण हे मनात आलं नाही याचा मला जास्त त्रास झाला.

जरा हिशेब मांडू. पोलिसाचा कायदेशीर हुकूम न पाळल्याबद्दल १७९ कलमाखाली दंड जास्तीत जास्त २००० रुपये. २०१९च्या दुरुस्तीआधी तो ५०० होता. ट्रिपल सीटला १९४-क खाली हजार रुपये आणि तीन महिने लायसन बाद. हेल्मेट नसलं तर १९४-ड, तेवढंच. म्हणजे त्या पोरांचे सगळे गुन्हे एकावर एक रचले तरी हाड मोडण्यापर्यंत पोहोचत नाहीत. ती शिक्षा कायदेमंडळाने लिहिलेली नाही. ती तुम्ही दोघांनी रस्त्यावर, एका सेकंदात लिहिलीत.

तू म्हणशील पळून गेले असते. जाऊ दे ना! गाडी कुठे पळते? तिला नंबर आहे, नंबरला मालक आहे, आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होता हे विचारल्यावर सांगायचं बंधन १३३ कलमाने मालकावर टाकलंय. तुझ्या हातातल्या ई-चलान मशीनला कॅमेरा आहे. चौकात सीसीटीव्ही आहे. कंट्रोल रूमला कळवलंस तर पुढच्या पॉइंटवर चार माणसं सावध होतात. आमच्या वेळी पावतीपुस्तक, कार्बन आणि शिट्टी, एवढाच संसार होता. तरीही मी जाऊ द्यायचो. तुला एवढं सगळं हाताशी असताना काठी का लागते, हे मला खरंच समजत नाही.

नंबर प्लेट वाकवलेली असते, खोटी असते, असतेच की. मग त्या दिवशी तो सुटतो. सुटू दे. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या हाताला लागलाच पाहिजे, असं तुला कोणी सांगितलं?

आता अटकेचं ऐक, कारण ठाण्यात कोणीतरी तुला सांगणार की विरोध केला तर बळ वापरायचा अधिकार आहे. आहे. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ४६ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते ४३ आहे. पण ते अटकेपुरतं आहे. ट्रिपल सीटसाठी तू अटक करणार होतास का? चलान करणार होतास. आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घ्यायचा अधिकार यातून मिळत नाही. पुढे बीएनएसएसचं ४६ वाच, सीआरपीसीतलं जुनं ४९. माणूस पळून जाऊ नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचंसुद्धा नाही. हे ज्याला आधीच पकडलंय त्याच्याबद्दल. तुझ्या हातात तर अजून कोणी आलेलंही नव्हतं.

चालत्या दुचाकीला हात लावला की काय होतं ते बघ, कारण हे कुठल्या कलमात नाही. ताशी ४० ने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. अचानक बॅरिकेड पुढे आलं की दचकून ब्रेक दाबेपर्यंतच दीड सेकंद जातो, म्हणजे १६-१७ मीटर गाडी तशीच आली. मग घाबरून पुढचा ब्रेक आधी दाबला जातो, चाक अडतं, हँडल वळतं. चावी काढायला हात घालतात तेव्हाही तेच. हात चावीपर्यंत जातो, चालवणारा त्याला चुकवायला हँडल दुसरीकडे ओढतो आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई सगळ्यात आधी जाते. तिने काय केलेलं असतं? हेल्मेट नवऱ्याने घातलेलं नसतं, डोकं तिचं फुटतं. चावी ओढून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात एकही कलम नाही. कागद ताब्यात घ्यायला २०६ आहे, गाडी ताब्यात घ्यायला २०७ आहे, पण त्यालाही आधी गाडी उभी असावी लागते.

हे मी घरात बसून रचतोय असं समजू नको. मार्च २०१८, तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट तपासणीला न थांबलेल्या जोडप्याचा एका वाहतूक निरीक्षकाने पाठलाग केला आणि मोटारसायकलला लाथ मारली. बाई दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौमध्ये मध्यरात्रीनंतर गाडी थांबवली नाही म्हणून एका शिपायाने गोळी झाडली आणि घरी निघालेला एका कंपनीचा अधिकारी मेला. शिपाई म्हणाला, गाडी अंगावर घातली. मग केरळ. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की हेल्मेट नाही म्हणून पाठलाग करून पकडू नका, कॅमेरा वापरा, बिनतारी यंत्रावरून पुढे कळवा. तोच महिना संपायच्या आत कोल्लम जिल्ह्यात एका पोलिसाने न थांबलेल्या दुचाकीवर काठी फेकली आणि पोरगा जबर जखमी झाला. तुमच्यासारखीच काठी. हायकोर्टाचा कागद मनगटापर्यंत पोहोचत नाही, पोरा. तिथे आपणच पोहोचावं लागतं.

आणि मनगटात नेमकं काय शिरतं हे मला माहीत आहे. कायदा मोडला म्हणून कोणी काठी फेकत नाही. हात केला आणि तो थांबला नाही, चौकात चार माणसं बघत होती, पानटपरीवर कोणीतरी हसलं. मला बघून पळतो म्हणजे काय! बस्स, एवढंच असतं. दिवसभर उन्हात, धुरात उभं राहून, केसेसचं टार्गेट डोक्यावर घेऊन, साहेबांच्या शिव्या खाऊन शेवटी जो सापडतो त्याच्यावर सगळं निघतं. मी तुला दोष देत नाही. पण त्याला ड्युटी म्हणू नको. तो राग आहे.

माझ्यावर विश्वास नसेल तर एक आठवून बघ. काळ्या काचांची, पुढे झेंडा लावलेली एसयूव्ही तुझ्या नाकाबंदीतून न थांबता गेली असेलच कधीतरी. तेव्हा काठी फेकलीस? बॅरिकेड ढकललंस? नाही. नंबर घेतलास आणि जाऊ दिलंस. कदाचित नंबरही घेतला नसशील. म्हणजे जाऊ द्यायची कला आपल्या सगळ्यांना उत्तम येते. फक्त ती आपण मोठ्या गाड्यांसाठी राखून ठेवतो आणि टेम्पोवाला, रिक्षावाला, कॉलेजचं पोरगं दिसलं की एकदम कर्तव्य आठवतं. जे मंत्र्याच्या पुतण्याला देतोस ते त्या ट्रिपल सीट पोरांना दे. मी याहून जास्त काही मागत नाही.

"मग आम्ही मार खायचा का?" हे तू लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मध्ये मला दिसलं. मुंबईत खारला ऑगस्ट २०१६ मध्ये जे झालं ते खात्यात कोणी विसरलेलं नाही. हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन पोराची गाडी अडवली, त्याने भावाला बोलावलं, भावाने आपल्या हवालदाराच्या डोक्यात दांडकं घातलं. महिनाअखेरीस हवालदार गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन गाडीवाला कित्येक किलोमीटर पळाला, ते तू व्हिडिओत पाहिलंसच. अशा प्रत्येक घटनेनंतर पुढचे काही आठवडे नाक्यानाक्यावर काठ्या लवकर उठतात, हे मी पाहिलंय. दुःख माझंही तेवढंच होतं. पण खारला आपल्या माणसावर हल्ला झाला तो गाडी उभी असताना. पळणाऱ्याला पाडून त्यातलं काय टळलं असतं? अंगावर आलेल्याला रोखायचा हक्क तुला आहे, कोणालाही आहे. पाठ फिरवून जाणारा माणूस अंगावर येत नसतो. त्याला जाऊ दे.

आता माझं. तुझ्या बापाने तुला सांगितलं असेलच, नोकरीभर मला मागून काय म्हणायचे ते. एका संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला एक काळी मोटारसायकल माझ्या हाताला न जुमानता गेली. मी नंबर टिपला, कंट्रोलला दिला. रस्त्यात पोरं होती, पुढे उडी मारायचा विचारही केला नाही. तासाभराने कळलं की मागच्या गल्लीत एका बाईचं मंगळसूत्र ओढून ते दोघे तिथून निघाले होते. नंबर खोटा निघाला. ती बाई चौकीत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या समोरून गेले ना हो?" मी काही बोललो नाही. साहेब सगळ्यांच्या देखत बोलले, आणि वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात "धडाडीचा अभाव" असा शेरा आला.

त्या बाईचं वाईट अजून वाटतं. ते मंगळसूत्र काही परत मिळालं नाही. पण निर्णय तोच घेईन. मला तेव्हा दिसली होती एक न थांबणारी गाडी आणि रस्त्यात शाळेची पोरं. जे नंतर कळलं त्यावरून आधीच्या क्षणाचा न्याय करायचा असेल तर प्रत्येक पळणारा चोरच आहे असं धरून प्रत्येकाला पाडावं लागेल. पळणारे बहुतेक कोण असतात, तुला ठाऊक आहे: लायसन घरी राहिलं, पीयूसी संपली, इन्शुरन्स नाही, बापाची गाडी न विचारता आणली. तुला वाटत असेल काका स्वतःची बाजू मांडतायत. मांडतोयच. इतकी वर्षं कोणी ऐकून घेतली नाही, तू विचारलंस म्हणून ऐक.

जबाबाबद्दल थोडक्यात. जे झालं ते झालं त्या क्रमाने लिही. "वाहन भरधाव वेगात स्वतःहून घसरले" हे तयार वाक्य कोणीतरी तुझ्यापुढे ठेवेल, त्यावर सही करू नको. बॅरिकेड तू सरकवलंस, लिही. काठी कोणी फेकली, लिही. हवालदार काही दिवस बोलणार नाही, मेसमध्ये जागा बदलेल. ते सोस. त्या चौकात कॅमेरा आहे हे त्याच्याही लक्षात येईल.

आणि पुढच्या वेळेसाठी: नाकाबंदी वळणाच्या आड लावू नका, झाडामागून उडी मारून समोर येऊ नका. लोक निम्मे त्यानेच बिथरतात. बॅरिकेड आधीच नागमोडी मांडा, लांबून दिसेल असं, म्हणजे गाडीचा वेग आपोआप पडतो आणि ऐन वेळी काही ढकलावं लागत नाही. तू बाजूला उभा राहा, गाडीच्या तोंडापुढे नाही. तोंडापुढे उभं राहून मग "अंगावर घातली" म्हणायचं, हा धंदा आपल्याकडे फार चालतो. थांबला तर आधी इंजिन बंद करायला सांग, मग कागद माग. "ए" म्हणू नको. नाही थांबला तर नंबर, रंग, दिशा, वेळ, कंट्रोल, आणि मागून येणाऱ्या पुढच्या गाडीकडे वळ. दिवसाच्या शेवटी चार सुटले म्हणून साहेब ओरडले तर ओरडू देत. माझ्या शेऱ्याची झेरॉक्स अजून ट्रंकेत आहे, पाहिजे तर पाठवतो, तू पहिलाच नाहीस एवढं तरी कळेल.

रात्रपाळीला रिफ्लेक्टरचं जॅकेट अंगात ठेवत जा. उकडतं म्हणून काढून बॅरिकेडवर टांगतोस, हे मला कळलंय.

तुझा,
काका