मुलांसमोर भांडत नाही, पण बोलतही नाही

“मुलांसमोर आम्ही कधीच भांडत नाही, मॅडम. बोलणं बंद होतं, एवढंच.” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी जोडपी हे वाक्य जरा अभिमानानंच सांगतात. मग थोडं थांबून विचारतात, अबोल्याचा मुलांवर काही परिणाम होतो का? कुणाचा अबोला दोन दिवसांत सुटतो, कुणाचा पंधरवडाभर लांबतो. ही शिकलेली, कष्टाळू, निर्व्यसनी माणसं असतात. त्यांनी लहानपणी घरात आरडाओरडा पाहिलेला असतो आणि तो आपल्या लेकरांच्या कानी पडू द्यायचा नाही, असं मनाशी ठरवलेलं असतं. हेतू चांगलाच. तरी माझं उत्तर ‘होतो’ असंच आहे. कसा होतो, ते वैशाली आणि सचिनची हकिकत वाचली की कळेल. नावं बदलली आहेत, आणि एकापेक्षा जास्त घरांतले प्रसंग इथे एकत्र आले आहेत.

सचिन नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वैशाली पतसंस्थेत नोकरीला, मुलगी श्रावणी चौथीत. सचिनचा धाकटा भाऊ निफाडकडे द्राक्षबाग करतो. एका वर्षी गारपिटीनं बाग झोपली, तेव्हा सचिननं भावाला दीड लाख रुपये दिले. वैशालीला ते कळलं बँकेच्या मेसेजवरून. “पैशांचं नाही हो,” ती म्हणाली, “मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, द्या म्हणून.” सचिनचं म्हणणं, “सख्ख्या भावाला द्यायला विचारायचं काय त्यात?” विषय अधूनमधून निघायचा, दोन-चार वाक्यं तडतडायची आणि घर मुकं व्हायचं.

भांडणाचं कारण माझ्याकडे येणारे सगळेच पाठ केल्यासारखं सांगतात. मी त्यात फार वेळ घालवत नाही. मी विचारते, “अबोला चालू असताना घर कसं चालतं?” याचं उत्तर आधीपासून तयार नसतं. आठवावं लागतं, आणि आठवताना माणूस खरं बोलतो.

“चालतं की,” सचिन म्हणाला. “श्रावणी आहे ना. ती सांगते इकडचं तिकडे.”

“म्हणजे काय सांगते?”

“मम्मीनं जेवायला बोलावलंय, गॅस संपलाय, असलंच काहीतरी.” मग तो जरा सैलावला. “खरं सांगू का, हिचा राग वरवरचा असतो. मागच्या वेळी आठ दिवस बोलत नव्हती, पण श्रावणीकडून निरोप आला, पप्पा, मम्मी म्हणतेय या ना जेवायला, तुमच्यासाठी शेवभाजी केलीय.”

वैशालीनं चमकून बघितलं. “मी असं कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, ताट वाढलंय म्हणून सांग, गार झालं तर मी गरम करायला उठणार नाही. आणि शेवभाजी तिनंच मागितली होती.”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये, हे मला अनुभवानं पक्कं माहीत झालं आहे. थोड्या वेळानं वैशालीच म्हणाली, आवाज अगदी बारीक, “त्याच आठवड्यात तुम्हाला यायला रात्र झाली होती. तुम्ही फोनवर श्रावणीला सांगितलंत ना, मम्मीला म्हणावं जेवून घे, दमली असशील? मला वाटलं, चला, एवढं तरी कळतं यांना.”

सचिन खाली बघत राहिला. “मी म्हणालो होतो, उशीर होईल, वाट बघू नका. बाकी काही नाही.”

नऊ वर्षांची मुलगी निरोपातला काटा काढत होती आणि त्यात आपल्या पदरचा गोडवा घालून तो पुढे देत होती. आईनं कसं बोलायला हवं होतं आणि पप्पांनी कसं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. आठ दिवसांत या दोघांना एकमेकांबद्दल जे काही बरं वाटलं, ते सगळं श्रावणीनं रचलेलं होतं. वैशालीला रडू कोसळलं. सचिनचे डोळेही भरले होते, पण तो म्हणाला ते मला फार महत्त्वाचं वाटतं: “म्हणजे आमचा संसार ती करतेय.”

कुटुंबाकडे बघण्याची माझी दृष्टी ज्यांच्यामुळे घडली, ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन सांगायचे की दोन माणसांमधला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला, की तो तिसऱ्याला आत ओढतो. आपल्या घरांत हा तिसरा बहुधा सासू, नणंद किंवा मूल असतो. मूल सर्वांत सोयीचं, कारण ते नाही म्हणत नाही. दोघांचा ताण त्यामुळे सुसह्य होतो, म्हणून भांडण मिटवायची निकड उरत नाही आणि अबोला लांबतो. अबोला टिकायला तिसरं माणूस लागतंच, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

१९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी काही महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. आईनं बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं, मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसतं बघत राहायचं. आईनं आवाज चढवलेला नसतो, हात उगारलेला नसतो. तरी बाळ हसून बघतं, हुंकार देतं, हात पुढे करतं, आणि काहीच चालेना की तोंड फिरवतं, रडतं. माणसाला बोलतं करण्यासाठी जवळ असेल ते सगळं ते करून बघतं. श्रावणीजवळ शब्द होते, तिनं ते वापरले.

मग आम्ही त्या दोघांच्या गप्प बसण्याकडे वळलो. सचिनचे वडील संतापी होते, ताट भिरकावायचे. “राग आला की छातीत धडधडतं, काही सुचत नाही. तोंड उघडलं तर त्यांच्यासारखा होईन अशी भीती वाटते.” वैशालीच्या माहेरी आई शिक्षा म्हणून दिवसच्या दिवस बोलायची नाही. तेव्हा तो घर वाचवायला गप्प बसत होता आणि तिला वाटत होतं, आपल्याला शिक्षा चालली आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण हे एकमेकांना सांगितलेलं नव्हतं.

सचिनच्या छातीत धडधडणं खोटं नव्हतं. जोडप्यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात, की नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं ऐकूनच घेता येत नाही, आणि शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात. तेव्हा थांबायला माझी हरकत नाही. पण थांबणाऱ्यानं परत यायची वेळ सांगायची, आणि त्या वेळी विषय त्यानंच काढायचा. सचिनला हे वाक्य घोकूनच घ्यावं लागलं: “माझं डोकं तापलंय. श्रावणी झोपली की साडेनऊला बोलू.” वैशालीनं साडेनऊपर्यंत मागे लागायचं नाही. पहिल्यांदा साडेनऊला तो खरंच स्वयंपाकघरात आला, तेव्हा तिला काय बोलावं तेच सुचेना.

श्रावणीला दोघांनी मिळून सांगितलं, की आता आमचे निरोप आम्हीच देऊ, तू नुसती खेळ. ती लगेच ऐकली नाही. “मम्मी रागावलीय का?” असं पप्पांना विचारत राहिली. एवढ्या दिवसांचं काम एका वाक्यानं सुटत नसतं. अशा वेळी मुलाला ‘काही नाही झालं’ असं सांगू नये. ‘हो, रागावलीय माझ्यावर. आम्ही बोलणार आहोत. तुझ्यामुळे नाही’ एवढं पुरतं.

मुलांसमोर भांडू नका, हा सल्ला आपण फार सोपा करून टाकला आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात मार्क कमिंग्ज यांनी मुलं आईवडिलांचे वाद कसे अनुभवतात याचा दीर्घ अभ्यास केला. वाद मिटताना दिसला, की मुलांची अस्वस्थता कितीतरी ओसरते. गप्प राहून धुमसणं मात्र त्यांना बरोबर कळतं. अपमान, शिव्या, हात उचलणं मुलांसमोर नको, आणि त्यांच्यामागेही नको. मतभेद आणि समेट मात्र त्यांना दिसू द्यावेत. सचिन एका सकाळी चहा पिताना श्रावणीदेखत म्हणाला, “काल मी तुझं ऐकून न घेता उठून गेलो, चुकलं माझं.” यातून ती जे शिकली, ते कुठल्या संस्कारवर्गात मिळत नाही.

भावाच्या पैशांवर त्यांचं आजही एकमत नाही. बहुतेक जोडप्यांचे बहुतेक वाद कायमचेच असतात, हेही गॉटमन यांच्याच अभ्यासात दिसतं, आणि मी ते पहिल्याच भेटीत सांगून टाकते. वीस हजारांच्या वर कुणालाही द्यायचे तर आधी एकमेकांना सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं आहे.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. बोललो तर मार बसेल, पैसे बंद होतील, घराबाहेर काढतील, या धास्तीनं एखादी बाई गप्प असेल, तर वरचं काहीही तिच्यासाठी नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक छळाइतकाच शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे.

शेवटी नेहमीचा प्रश्न: “हे यायला तयारच नाहीत, मी एकटी येऊ का?” जरूर या. एकटे नवरेही येतात. मुलाच्या हाती निरोप देणं तुम्ही एकीनं बंद केलंत, तरी घरातली घडी हलते. आज रात्री स्वतः दारापर्यंत जा आणि “जेवायला वाढलंय, या” असं म्हणा. उत्तर येणार नाही कदाचित. उद्याही तुम्हीच सांगा, आणि मुलगी उठायला लागली तर तिला म्हणा, “तू बस, मी सांगते.”