नववीच्या प्रकल्पासाठी एक वाक्य घ्या आणि ते तपासा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा नववीत, शाळा देवगड तालुक्यात. साहित्य, इतिहास, संगीत आणि सामाजिक प्रश्न या चारांपैकी एकात आठ-दहा पानांचा प्रकल्प आणि त्यावर दहा मिनिटांचं भाषण करायचंय. अर्ध्या वर्गाने ‘मराठ्यांचं आरमार’ घेतलंय, उरलेल्यांनी ‘मोबाइल : शाप की वरदान’, आणि तुम्हाला हवंय कोकणातलंच काहीतरी, पण नेटवरून जसंच्या तसं उतरवता येणार नाही असं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत वर्षानुवर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, असे प्रकल्प गठ्ठ्यांनी तपासले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा सल्ला असा की विषय शोधत बसू नका, वाक्य शोधा. आपल्याकडे लोक सहज, खात्रीने बोलतात असं एखादं वाक्य. फलकावर असेल, भाषणात असेल, पाठ्यपुस्तकातही असेल. मुलाने ते घ्यायचं आणि कितपत खरं आहे ते पाहायचं. ‘मराठ्यांचं आरमार’ला आदि-अंत नाही, त्यामुळे मुलं शेवटी कुणाची तरी पानं उतरवतात. वाक्य हातात असलं की काय शोधायचं ते ठरतं, आणि कुठे थांबायचं तेही.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. ‘हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.’ हे वाक्य तुमच्या मुलाने नक्की ऐकलेलं असणार. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, आणि लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या ओट्यांवर दुर्बीण लावून हा शोध लावला असं सांगतात. आता तपासायला बसलं की काय सापडतं पाहा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण अगदी खरं. त्याचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणपर्यंत गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला होता, आणि सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची ठरली, सोडियमच्या रेषेशी नेमकी जुळत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. नॉर्मन लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. तो भारतात आला १८७१ च्या डिसेंबरात, पुढच्या एका ग्रहणासाठी, आणि तेव्हाही बेकल किल्ल्यावर गेला, जो आजच्या केरळात आहे. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं. ते काम विल्यम रॅमसेने एका खनिजातून केलं.

म्हणजे वाक्य जसं बोललं जातं तसं टिकत नाही. पण इथून पुढे मुलाच्या प्रकल्पाला खरी गंमत येते. मग ओट्यांना साहेबाचं नाव कधीपासून? लॉकियरचं नाव विजयदुर्गाशी पहिल्यांदा कुणी जोडलं, कुठे छापलं? गावातले सत्तरी ओलांडलेले लोक काय सांगतात, त्यांच्या लहानपणी ही गोष्ट होती का? जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये विजयदुर्गाच्या नोंदीत काय आहे? एका शनिवार-रविवारात किल्ला, दोन-तीन घरं आणि तालुक्याचं वाचनालय होऊन जाईल. गावातलं कुणी रागावेल अशी भीती वाटत असेल तर मुलाला एवढं सांगा, की ज्या किल्ल्याने आंग्र्यांचं वैभव पाहिलं, ज्याच्यावर १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह इंग्रजी आरमार घेऊन चालून आले, त्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही.

इतिहासातलंच दुसरं वाक्य मला याहून जवळचं आहे. ‘२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडचं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं.’ परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात आणि मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण तारखा ओळीने मांडून पाहा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्यावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने स्वतःचा ठराव करून तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर तळं सत्याग्रहाच्या तीन वर्षं आधीच खुलं होतं! आणि तरी त्या तीन वर्षांत तिथे पाणी भरायला जाण्याची सोय नव्हती. मुलाला या जागी थांबवा. हक्क आहे आणि पाणी नाही, हे कसं, याचा विचार त्याला करू दे.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, मिरवणूक, तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी पिणं. त्याच दिवशी गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतीच्या वाटेवरच्या माणसांना मारहाण झाली. पुढे तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा कोर्टात लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. हजारो माणसं गोळा झाली होती, पाण्याला जायच्या तयारीने. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं, कोर्टाचा हुकूम पाळला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. दावा मात्र चालूच राहिला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. (निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच.)

ठराव १९२३ चा, निकाल १९३७ चा. एका तळ्याच्या पाण्याला चौदा वर्षं लागली, आणि आपण मुलांना त्यातला एक दिवस शिकवतो. तो दिवस मोठाच आहे, मला त्याचं मोल पुरेपूर ठाऊक आहे. पण त्याच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची दहा वर्षं कळली की त्या दिवशी तळ्यापर्यंत चालत जाणाऱ्यांनी काय पत्करलं होतं ते नववीच्या मुलालाही कळतं. याचं मूळ साहित्य दुर्मीळ नाही. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं, त्यात महाडच्या घडामोडींवर त्यांनी स्वतः लिहिलंय, आणि महाराष्ट्र शासनाने ते अंक पुस्तकरूपात पुन्हा छापलेत. मराठी आहे, शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी मुलाला समजेल असं आहे. मुंबईला जाता-येता महाड वाटेवरच लागतं, तळ्याकाठी तासभर थांबा. कोणत्या बाजूने माणसं आली असतील, बाजारपेठ कुठे, वीरेश्वराचं देऊळ किती जवळ, याचा साधा नकाशा त्याने हाताने काढला तर तो प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं पान होईल.

साहित्याचं थोडक्यात सांगतो. ‘केशवसुत हे आधुनिक मराठी कवितेचे जनक’ हे वाक्य घ्यायचं असेल तर मालगुंडला त्यांच्या जन्मघरी जाऊन फोटो काढणं एवढ्याने भागणार नाही. त्यांच्या दोन कविता आणि त्यांच्या आधीच्या एखाद्या पंडित कवीचे दहा-बारा श्लोक शेजारी ठेवा आणि काय बदललं ते मुलाच्या शब्दांत येऊ द्या. एका अंत्यज मुलाने आईला विचारलेल्या प्रश्नावर केशवसुतांची कविता आहे, ती घ्या. ती महाडच्या कित्येक वर्षं आधीची. इतिहासातून साहित्याकडे जायला तीच वाट पुरे.

संगीताला सहसा कुणी हात लावत नाही, कारण मुलांना वाटतं राग ओळखता यायला हवेत. तशी गरज नाही. तुमच्याकडे दशावतार दारात आहे. ‘दशावताराला लिहिलेली संहिता नसते, सगळं आयत्या वेळी सुचतं’ हे वाक्य घ्या. पहिला भाग बरोबर. दुसरा भाग नाटकाच्या आधी रंगपटात जाऊन बसल्यावर तपासता येतो. कलाकार आरशासमोर आपापला रंग लावत असतात आणि कंपनीचा प्रमुख त्या रात्रीचं आख्यान सांगतो, कुणी कोण व्हायचं, कुठला प्रवेश कुठे मोडायचा. म्हणजे सांगाडा आधी बांधलेला असतो आणि संवाद रंगमंचावर फुटतात. मग या दोहोंना धरून ठेवतो कोण? माझं उत्तर, बाकावर बसलेला पेटीवाला. मुलाला समोर बसवू नका, बाजूला अशा जागी बसवा की पेटीवाल्याचे हात आणि नटाचा चेहरा दोन्ही दिसतील. राजा बोलता बोलता शेवटचा शब्द किंचित लांबवतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो, पखवाजवाला थाप देतो, आणि पद सुरू होतं. कुणी कुणाला खूण केली, कधी केली, हे पाहून लिहायचं. पुढे युद्ध आलं की पखवाज आणि झांज एकदम चढतात, नट गोल फिरतात, तिथे गाणं नाही, नुसती लय आहे. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर अशा कंपन्यांपैकी दोघांचं एकच आख्यान ऐकायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. तोच प्रसंग दोघांनी किती वेळ खेळवला, कुठे पद घातलं, कुठे नुसता संवाद ठेवला, एवढ्यावर आठ पानं सहज भरतात. सुरुवातीचा आडदशावतार, गणपती, ऋद्धी-सिद्धी, संकासुर, हा भाग हल्ली पुष्कळदा आटोपता घेतात. तुमच्या जत्रेत तो किती राहिलाय याचीही नोंद त्याने ठेवावी. रेकॉर्डिंग करायचं तर आधी कंपनीला विचारून.

आता सामाजिक प्रश्न. देवगड बंदर जवळ आहे, तेव्हा वाक्य आयतंच आहे : ‘पर्ससीनने मासळी संपवली.’ रापणकरांच्या घरात हे वाक्य रोज ऐकू येतं आणि त्यामागचा त्रास खरा आहे. रापण किनाऱ्यावरून ओढतात, दोन्ही टोकांना माणसांची रांग, आणि मिळेल त्याचे सगळ्यांना वाटे. मासळी काठाशी आली तरच रापणीला काही मिळतं. पर्ससीनवाले बोटीवरून थवा घेरतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळतात. तारलीचा, बांगड्याचा अख्खा थवा एका ओढीत वर. राज्याच्या हद्दीतल्या, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीला १९८१ चा कायदा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बरेच निर्बंध घातले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. त्यामुळे तपासायला एक नेमकी रेघ मिळते : २०१६ च्या आधी आणि नंतर. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी राज्यवार मासळीचे आकडे काढते, त्यातली तारली आणि बांगडा एवढ्या दोनच ओळी मुलाने कागदावर उतरवाव्यात. तारलीचं प्रमाण एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षांत एरवीही कोसळतं, हे त्याला तिथेच भेटेल, आणि मग प्रश्न ‘पर्ससीन की निसर्ग’ असा सोपा राहणार नाही.

माणसं मात्र चारही बाजूंची ऐकायला हवीत. रापणीवरचे आजोबा, पर्ससीनच्या बोटीचा तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, त्या बोटीवरचा खलाशी (तो पुष्कळदा नेपाळहून आलेला असतो), आणि लिलावात मासळी घेऊन गावात विकणारी बाई. या चौथीला कुणी विचारत नाही, पण कोणत्या दिवशी कुठल्या जाळ्याची मासळी आली, किती मऊ पडली, किती भावाने गेली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुलाचे वडील किंवा मामा मासेमारीत असतील तर त्याला दुसऱ्या बाजूकडे आधी पाठवा. भाषणात शेवटी त्याने स्वतःचं मत द्यावं, जरूर द्यावं, पण समोरच्याची सगळ्यात भक्कम बाजू आधी मांडून. परीक्षक म्हणून मी तरी त्यालाच गुण दिले.

तुम्ही विचारलंत म्हणून माझी पसंती सांगतो. मुलगा वाचणारा असेल तर महाड, भटकणारा असेल तर विजयदुर्ग. दशावतार घ्यायचा तर शाळेची मुदत आधी पाहा. जत्रा दिवाळी झाल्यावर कार्तिकात सुरू होतात, त्याआधी प्रकल्प द्यायचा असेल तर तो विचार सोडा. मासळीचं घेतलंत तर पावसाळी बंदी उठल्यावर बंदरावर जा, त्याआधी जाळी दुरुस्त करताना माणसं निवांत बोलतात, त्या दिवसांत मुलाखती उरकून घ्या. आणि त्याने कोणतं वाक्य धरलं ते कळवा. महाडचं धरलं असेल तर ‘बहिष्कृत भारत’चे कोणते अंक आधी वाचायचे ते मी काढून देईन.