नातू हाकेला वळत नाही

प्रश्न : नातू २२ महिन्यांचा आहे. हाकेला वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. जाहिरात लागली की मात्र धावतो. हल्ली ऑटिझम एवढा का वाढलाय? मोबाइलमुळे?

उत्तर : अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांत एक नोंद होती, २०२२ मध्ये ३१ मुलांत एक. यात मोठा वाटा निदानाचा : २०१३ मध्ये व्याख्या बदलली, अ‍ॅस्पर्जर (पूर्वी वेगळा, सौम्य मानला जाणारा प्रकार) त्यात आलं, पूर्वी ‘हट्टी’ म्हणून सोडलेली मुलं आता ओळखू येतात. मोबाइलवर (लसीवर तर मुळीच नको) खापर फोडू नका.

जाहिरातीला धावतो म्हणजे कान ठीक, असं नाही. आधी श्रवणचाचणी करा. मग बालरोगतज्ज्ञांकडून एम-चॅट, म्हणजे ऑटिझमची शक्यता पाहणारी प्रश्नावली : २० प्रश्न, १६ ते ३० महिन्यांसाठी. ती चाळणी आहे, निदान नव्हे. स्पीच थेरपी मात्र निदानाआधीही सुरू करता येते.