आधी मीटर, मग बुकिंग

प्रश्न: आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो, दोघांची नोकरी हिंजवडीत. येऊन-जाऊन रोज ४४ किमी. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक काढून इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची आहे. मोठ्या बॅटरीची ऑन-रोड १८.५ लाख, लहान बॅटरीची १६.६ लाख, त्याच आकाराची पेट्रोल ऑटोमॅटिक १४.५ लाख. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १.५५ लाख. घराचा हप्ता ४२ हजार, पेट्रोलसह घरखर्च ८० हजार, मुलीच्या (आठवीत) शिक्षणाची एसआयपी १५ हजार. ६ लाखांची एफडी मोडून डाउन पेमेंट करावं आणि एसआयपी वर्षभर थांबवावी, असं यजमानांचं म्हणणं आहे. एप्रिलमध्ये अडीच लाख बोनस येतो. वर्षातून तीनदा गावी रत्नागिरीला जातो. मोठी बॅटरी घ्यावी ना?

उत्तर: ताई, तुमच्या कोटेशनपेक्षा तुम्ही सोबत पाठवलेला पार्किंगचा फोटो मी जास्त वेळ बघत बसलो. स्टिल्टमध्ये तुमची जागा आणि पंप रूममधून भिंतीच्या कडेने ओढलेली केशरी एक्स्टेन्शन वायर. चार्जिंगची ‘तात्पुरती सोय होईल’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचा सगळा हिशोब त्या वायरवर लटकतोय.

महिन्याला साधारण १,२०० किमी धरू. पेट्रोल एसयूव्ही शहरात लिटरला १२ किमी देईल, म्हणजे १०० लिटर. लिटर १०४ रुपयांनी धरलं तर १०,४०० रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून युनिटमागे ६ किमी, म्हणजे २०० युनिट. आता गंमत बघा. तुमचं घरचं बिल १८० युनिटचं आहे. त्याच मीटरवर गाडी लावली की ते ३८० वर जातं आणि महावितरणच्या ३०० च्या वरच्या महागड्या टप्प्यात शिरतं. शोरूमवाले ‘किलोमीटरला एक रुपया’ सांगतात तेव्हा हा टप्पा कोणी मोजत नाही. म्हणून मी युनिटला सरसकट १३ रुपये धरले, तरी महिन्याचे होतात २,६००. पेट्रोल एसयूव्हीच्या तुलनेत ७,८०० वाचले. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळ्या दराचं मीटर घेता येतं, त्याला हे घरगुती टप्पे लागत नाहीत. तेही विचारून ठेवा.

घरी प्लगच नसेल तर? बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटीसह युनिट २४ रुपये धरा. बचत ५,६०० वर येते आणि मोठ्या बॅटरीचे पेट्रोलपेक्षा जास्त मोजलेले चार लाख वसूल व्हायला व्याज न धरताही सहा वर्षं लागतात. घरच्या प्लगवर तेच सव्वाचार वर्षांत होतं, आणि लहान बॅटरीचे जास्तीचे २.१ लाख तर सव्वादोन वर्षांत.

मोठी बॅटरी तुम्ही घेताय ती रत्नागिरीसाठी. वर्षातल्या तीन खेपांसाठी १.९ लाख! लहान बॅटरी महामार्गावर, एसी चालू ठेवून, सव्वादोनशे किमी देईल असं धरा. जाहिरातीतला आकडा विसरा. कराड पुण्यापासून १६० किमीवर. तिथे जेवताना गाडी ८० टक्क्यांपर्यंत भरा (त्यापुढे चार्जिंग मंदावतं, थांबण्यात अर्थ नाही), पुढे आंबा घाट उतरताना थोडी वीज परतही मिळते. एकदा सातारा रस्त्यावरच्या चार्जरला माझ्यापुढे एक टॅक्सी लागलेली होती, पन्नास मिनिटं गेली आणि नको असताना दुसरी मिसळ खाल्ली. वर्षातून तीनदा हे चालतं. गावच्या घरी मात्र १५ अँपिअरच्या सॉकेटचं आर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या. आर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो.

आता एफडी. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला १.२२ लाख. सहा लाख म्हणजे पाच महिन्यांचीही सोय नाही, आणि दोघंही एकाच क्षेत्रात. तिला हात लावू नका. एसआयपीही थांबवू नका. मुलगी चार वर्षांत बारावी होईल आणि सात वर्षांचं वाहनकर्ज त्यानंतरही चालू असेल.

मग पैसे कुठून? एप्रिलमध्ये अडीच लाख बोनस येतो असं तुम्हीच लिहिलंय. जुन्या गाडीचे पावणेदोन लाख धरू. लहान बॅटरीसाठी कर्ज उरतं १२.३५ लाख. ९ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी हप्ता १९,९०० च्या आत. जुन्या गाडीला आज ८,३०० चं पेट्रोल लागतं, तिथे २,६०० ची वीज. म्हणजे ५,७०० सुटतात, खरा बोजा १४,२००. आज तुमच्याकडे १८ हजार उरतात, त्यातून तीन-चार हजार राहतील, ते दुसऱ्या वर्षापासूनच्या विम्याला. ओढाताण आहे, पण बसतं. एफडी न मोडता मोठी बॅटरी घेतली तर हप्ता २२,९०० आणि महिन्याअखेरीस हातात आठशे रुपये.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळेल असं सेल्समन म्हणाला, तर ते जुनं झालं. प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. टोलमाफीही तुमच्या वाटेवर कामाची नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली पूर्ण माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या राज्याच्या रस्त्यांवर आहे. तुमच्या वाटेवरचे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे राष्ट्रीय महामार्गाचे. खेड शिवापूरचं नाव काढलं की पुणेकराचा आवाज चढतो, पण टोल भरावा लागतोच. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, ती खरी. बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी असते. पुढच्या मालकाला ती मिळते का, हे मात्र लेखी घ्या. पाच-सात वर्षांनी गाडी विकताना भाव त्यावरच ठरेल.

तेव्हा इलेक्ट्रिक घ्या, लहान बॅटरीची, एप्रिलनंतर. त्याआधी सोसायटीकडे चार्जिंगच्या प्लगसाठी लेखी अर्ज द्या. मीटर रूमपासून तुमच्या जागेपर्यंत केबल कुठून जाणार त्याचा नकाशा, परवानाधारक ठेकेदाराचं अंदाजपत्रक आणि खर्च तुमचाच असेल हे वाक्य त्यात हवं. समितीचा विरोध बहुतेक वेळा ‘वीज कोणाच्या मीटरवर?’ एवढ्यासाठीच असतो. एप्रिलपर्यंत होकार आला नाही तर बोनस एफडीत टाका आणि जुनी गाडी अजून दोन वर्षं चालवा, तिला काही झालेलं नाही. पंप रूममधली ती केशरी वायर मात्र आजच काढून ठेवा.