एटोशा राष्ट्रीय उद्यानानंतर नामिबियातल्या ग्रूटबर्ग लॉजवर एक रात्र राहावं म्हणतोय. साधी गाडी चालेल का, गेंडा दिसेल का आणि पैसे खरंच तिथल्या लोकांना मिळतात का?

एक रात्र ठेवू नका. निदान दोन, जमल्यास तीन. काळ्या गेंड्याचा माग काढायला पहाटे निघतात आणि परतेपर्यंत दुपार टळून जाते, कधी संध्याकाळही होते. एकच रात्र असेल तर ही सफारी हमखास गळते आणि लॉजच्या कठड्यावरून क्लिप नदीची दरी बघून माणूस पुढे निघतो. दरी सुंदर आहे, पण नुसत्या तेवढ्यासाठी इतका फेरा नको.

आता गाडी. एटोशातून पश्चिमेच्या गाल्टन गेटने बाहेर पडा, कामानजाबपर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथे टाकी काठोकाठ भरा. पुढचा पंप थेट पामवागला, आणि तिथे इंधन असेलच यावर विसंबू नका. कामानजाबहून सी-४० हा खडीचा रस्ता लागतो. कोरड्या दिवसांत साधी गाडी या रस्त्यावर येते, तरी उंच चेसिसची घ्या आणि शक्यतो दोन स्टेपन्या मागा. गाडी ताब्यात घेताना जॅक, पाना आणि चाकाच्या लॉक-नटची चावी जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघा. ती चावी नसली की दोन्ही स्टेपन्या असून नसल्यासारख्या.

खडी लागली की टायरमधली हवा ३२-३३ पीएसआयवरून २६-२८ वर आणा. गच्च भरलेला टायर टोकदार दगडावर लवकर फाटतो. फार हवा काढली तर बाजूची भिंत चिरते. डांबरी रस्ता आला की पुन्हा भरून घ्या. वेग ८० च्या आत. तिथे पर्यटकांचे अपघात समोरासमोर धडकून कमी आणि एकट्याच गाडीने उलटून जास्त होतात: वळणावर खडीत मागचं चाक घसरतं, चालक घाबरून ब्रेक दाबतो, स्टिअरिंग उलट ओढतो आणि गाडी कोलांटी खाते. ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग न झटकता, जायचंय त्या दिशेला धरायचं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, तेवढा फायदा. अंधारात मात्र अजिबात चालवू नका; कुडू (मोठी हरणं) आणि गाढवं रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा रात्री बऱ्याचदा लागू नसतो.

लॉज पठाराच्या कडेवर, साधारण १६०० मीटर उंचीवर आहे. मुख्य रस्त्यापासून वर जाणारा चढ फार उभा आणि दगडी आहे. फोर-बाय-फोर नसेल तर गाडी खालच्या फाटकाशी लावायची, लॉजची गाडी येऊन वर नेते. त्यामुळे लॉजवरच्या मुक्कामापुरतं सामान छोट्या बॅगेत आधीच वेगळं काढा आणि उजेडात पोहोचा.

गेंड्याची हमी कोणी देत नाही, देऊही नये. हा ताडोबातल्या जिप्सीसारखा दोन-तीन तासांत उरकणारा प्रकार नाही. आधी गाडीने, मग पायी, तेही बेसाल्टच्या सुट्या दगडांवरून. घोटा धरणारे बूट, माणशी तीन लिटर पाणी, मातकट रंगाचे कपडे. पांढरा शर्ट नको. जवळ जाताना ट्रॅकर वारा बघत राहतो, कारण गेंड्याची नजर अधू असली तरी नाक तिखट असतं. साधारण १०० मीटरवर थांबवतात. जनावराला चाहूल लागली की लगेच मागे फिरायचं, फोटो झाला नसला तरी. शिंगाच्या जागी खुंट दिसला तर दचकू नका. चोरट्या शिकारीला आळा म्हणून नामिबियात अनेक गेंड्यांची शिंगं भूल देऊन कापतात. फोनचं लोकेशन आधीच बंद करा, फोटोवर जागेचा ठावठिकाणा राहता कामा नये.

वाटेत फिकट हिरव्या काड्यांचे गोल झुडपांचे पुंजके दिसतील. ती दमारा युफोर्बिया. गेंडा ती चवीने खातो, माणसाला मात्र तिचा चीक विषारी. तोडू नका आणि कॅम्पिंग करत असाल तर तिच्या वाळक्या काड्या शेकोटीत कधीच घालू नका.

पैशांचं म्हणाल तर १९९६ च्या कायद्यानंतर सामुदायिक जमिनीवरच्या रहिवाशांना वन्यजीव आणि पर्यटनाचे हक्क मिळू लागले. खोआदी-होआस ही कॉन्झर्व्हन्सी (असे हक्क मिळालेली तिथल्या रहिवाशांची संस्था) १९९८ मधल्या पहिल्या चारांपैकी एक. २००५ मध्ये युरोपियन युनियनच्या निधीतून हे लॉज उभं राहिलं आणि ते पूर्णपणे तिच्या मालकीचं आहे. रोजचा कारभार कराराने नेमलेली कंपनी बघते. उत्पन्नातून वन्यजीव रक्षकांचे पगार निघतात, सिंह-तरसांनी मारलेल्या जनावरांपोटी मदत दिली जाते. हत्ती पाण्यासाठी टाक्या आणि पाइप मोडून ठेवतात, तो खर्चही इथल्या शेळ्या-गुरं पाळणाऱ्यांच्याच माथी. म्हणून ही कमाई त्यांना लागते. कॉन्झर्व्हन्सींना परवान्याच्या शिकारीतूनही पैसा मिळतो. हे पटत नसेल तर आधीच माहीत असलेलं बरं. आणि ‘कम्युनिटी’ लिहिलेला प्रत्येक कॅम्प असा नसतो. शेजारच्या तोरा कॉन्झर्व्हन्सीतला दमारालँड कॅम्प हा खासगी कंपनीबरोबरचा भागीदारी प्रकल्प आहे. बुकिंगआधी मालकी कोणाची आणि वाटा किती, हे सरळ विचारा.

लॉज महाग वाटलं तर साधारण २५ किमी पूर्वेला त्याच कॉन्झर्व्हन्सीचं होआडा कॅम्पसाइट आहे. गेंड्याची सफारी मात्र दोन्हीकडे वेगळी आणि आधी बुक करावी लागते, जागा मोजक्या असतात.

जून ते ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या गाडीत कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट हवंच. जानेवारी ते मार्चमध्ये कोरड्या नद्यांना अचानक पाणी येतं, तेव्हा रस्त्याची चौकशी करूनच निघा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच ‘अंडं, मासे चालत नाहीत’ असं स्पष्ट लिहा. प्लगसाठी आपल्याकडचा गिझरचा जाड तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर न्या, तोच तिथल्या सॉकेटमध्ये बसतो.