प्रयोगशाळा नाही म्हणून थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. लघुप्रबंधासाठी तुला स्मरणावर काम करायचं आहे. पण तुमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट आणि आत बंद पडलेला मेमरी ड्रम, म्हणजे पाठ करायचे शब्द एकेक करून दाखवणारं यंत्र. गाइड म्हणतात, तयार प्रश्नावली घे, शंभर मुलांकडून भरून घे, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घाल आणि मोकळी हो. तू विचारलं आहेस, उपकरणं नसताना स्मरणाचं खरं काम होतं का?

होतं. ते कसं, हे सांगण्यासाठी मी तुला हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाबद्दल लिहिणार आहे. नाव तुझ्या परिचयाचं आहे. पाठ्यपुस्तकात त्याला दीड पान आणि विस्मरणाचा एक आलेख मिळतो, परीक्षेत पाच गुणांची टीप येते. पण त्या आलेखातल्या एकेका बिंदूसाठी त्यानं काय केलं, हे शिकवायचं राहूनच जातं. तुला आज त्याचीच गरज आहे.

त्याचा जन्म १८५० चा, बार्मेनचा. हे गाव आज वुपरटाल शहरात येतं. बॉन, हाले, बर्लिन असं शिक्षण झालं. मध्येच १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात गेला आणि १८७३ मध्ये बॉनला डॉक्टरेट मिळवली. विषय तत्त्वज्ञानाचा होता. त्यानंतर कित्येक वर्षं विद्यापीठात जागा नाही. इंग्लंड-फ्रान्समध्ये राहिला, शिकवण्या केल्या, वाचत राहिला. याच काळात, पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात असं सांगतात, त्याच्या हाती गुस्टाव फेशनर या जर्मन शास्त्रज्ञाचा १८६० चा मनोभौतिकीवरचा, म्हणजे बाहेरचं उद्दीपन आणि मनातली संवेदना यांच्या नात्यावरचा, ग्रंथ पडला. हातातलं वजन किती वाढलं म्हणजे फरक जाणवतो, उजेड किती वाढला म्हणजे डोळ्याला कळतो, हे फेशनरनं मोजून दाखवलं होतं. संवेदना मोजता येते, तर स्मरण का नाही, असं एबिंगहाउसला वाटलं. पुढं आपल्या मोठ्या ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यानं फेशनरच्याच नावे लिहिली.

तेव्हाची परिस्थिती लक्षात घे. १८७९ मध्ये लाइपझिगला विल्हेल्म वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथं संवेदना, अवधान, प्रतिक्रियाकाल यांवर काम चाले. स्मरण आणि विचार यांसारख्या वरच्या प्रक्रिया प्रयोगाच्या आवाक्यात येणार नाहीत, असं खुद्द वुंटचं मत होतं. आणि त्याच वर्षी हा एकटा माणूस, ना प्रयोगशाळा, ना मार्गदर्शक, ना पद, स्वतःच प्रयोगकर्ता आणि स्वतःच प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) होऊन स्मरण मोजायला बसला.

मोजायचं कसं, ही खरी अडचण होती. आठवण दिसत नाही, तोलता येत नाही. ‘आठवतं का?’ असं विचारलं तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि या दोन उत्तरांच्या मधला सगळा प्रदेश अंधारात राहतो. एबिंगहाउसनं आठवणीला प्रश्न विचारणंच सोडून दिलं आणि वेळ मोजला. एखादी यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. ठरावीक काळ जाऊ द्यायचा. मग तीच यादी पुन्हा पाठ करायची. समज, पहिल्यांदा हजार सेकंद लागले आणि नंतर सहाशे. चारशे वाचले, म्हणजे ४० टक्के बचत. यादीतलं एक अक्षरही आठवत नसलं तरी दुसऱ्या वेळी कष्ट कमी लागतात. म्हणजे काहीतरी शिल्लक आहे, आणि किती आहे तेही सांगता येतं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामात बचत पद्धतीइतकं सुंदर दुसरं काही नाही, आलेखसुद्धा नाही. आपल्याला ज्याची जाणीवही नाही अशी आठवण त्यानं घड्याळावर आणून दाखवली. तुझ्या पत्रात मला हेच सापडलं नाही. तू उपकरणांची यादी दिली आहेस, पण नेमकं काय मोजणार ते एका वाक्यात लिहिलेलं नाहीस. आधी ते वाक्य लिही.

पुढचा प्रश्न, पाठ काय करायचं? कविता घेतली तर यमक मदतीला येतं, अर्थ येतो, जुनी ओळख येते. आपल्याकडे ओवी चालीवर म्हटली की लहान पोरालाही पाठ होते, मग त्यात स्मरण किती आणि चाल किती हे वेगळं कसं काढणार? म्हणून त्यानं व्यंजन-स्वर-व्यंजन असे तुकडे जुळवून सुमारे २३०० निरर्थक पदं तयार केली, ती मिसळली आणि चिठ्ठ्या काढाव्यात तशी उचलून याद्या केल्या. अर्थामुळे किती फरक पडतो तेही त्यानं पाहिलं. इंग्रज कवी बायरनच्या काव्यातली कडवी पाठ करायला निरर्थक पदांच्या मानानं साधारण दहावा हिस्सा कष्ट पुरले. सात पदांची यादी त्याला एका वाचनात येई. बाराला सरासरी सोळा-सतरा वाचनं लागत, चोवीसला ४४ आणि छत्तीसला ५५.

आणि नियम किती कडक! मिनिटाला १५० ठोके, त्या तालावर वाचायचं. यादी नेहमी पहिल्यापासून शेवटपर्यंत, अडलेला भाग वेगळा घोकायचा नाही. युक्त्या लढवायच्या नाहीत, पदांत ओढूनताणून अर्थ शोधायचा नाही. दोन याद्यांमध्ये पंधरा सेकंद विश्रांती. दिनक्रम शक्यतो सारखा. दिवसाची वेळ बदलली की वेग बदलतो हेही त्यानं तपासलं आणि हिशेबात धरलं. १८७९-८० मध्ये एक फेरी झाली, तिच्या बळावर बर्लिनला अध्यापनाची पात्रता मिळाली. त्यानंतर घाईनं छापायचं सोडून त्यानं १८८३-८४ मध्ये प्रयोग पुन्हा केले, नव्यानं भर घातली आणि मग १८८५ मध्ये स्मरणावरचं ते छोटं पुस्तक काढलं. आज प्रकाशनांची संख्या मोजणाऱ्या जगात तुला हे वेडेपणाचं वाटेल. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता त्या आलेखाकडे ये, पण पाठ्यपुस्तकातल्या गुळगुळीत रेषेकडे नको, त्याच्या मूळ आकड्यांकडे. तेरा-तेरा पदांच्या आठ याद्या एका वेळी पाठ करायच्या आणि ठरावीक काळानं पुन्हा. अशा १६३ जोड-चाचण्या त्यानं केल्या. साधारण वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के, एका तासानं ४४, सुमारे नऊ तासांनी ३६, एका दिवसानं ३४, दोन दिवसांनी २८, सहा दिवसांनी २५, आणि ३१ दिवसांनी २१.

हे आकडे सावकाश वाच. नऊ तासांपासून चोवीस तासांपर्यंत, म्हणजे पंधरा तासांत, घट जेमतेम दोन टक्क्यांची. पुढच्या चोवीस तासांत मात्र सहा टक्के. आधी वेगानं आणि मग हळूहळू विसरतं, या त्याच्याच निष्कर्षात हे बसत नाही. त्यालाही ते दिसलं. त्या पंधरा तासांत रात्र आणि झोप येते, त्यामुळे विस्मरण मंदावत असेल का, हा विचारही त्यानं पुस्तकात मांडला. तरी एवढा फरक पटण्यासारखा नाही, यातल्या एखाद्या आकड्यावर योगायोगाचा परिणाम झाला असावा, असं त्यानं लिहिलं. आणि ज्यावर स्वतःचा विश्वास नाही तो आकडा जसा निघाला तसा छापला.

पुढं काय झालं ते ऐक. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी जागं राहिल्यावर आणि झोपल्यावर किती विसरतं याची तुलना केली. झोपेच्या काळात विस्मरण कमी निघालं. आणि २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या म्यूरे आणि ड्रोस यांनी एबिंगहाउसचा मूळ प्रयोग जसाच्या तसा पुन्हा केला. त्यांचाही प्रयुक्त एकच. ड्रोसनं स्वतः सुमारे सत्तर तास याद्या पाठ केल्या. एकूण आलेख एबिंगहाउसशी जुळला, आणि चोवीस तासांच्या बिंदूपाशी तसाच उंचवटा दिसला. एबिंगहाउसनं तो आकडा गैरसोयीचा म्हणून ‘दुरुस्त’ केला असता तर आज जुळवून पाहायला काही उरलंच नसतं. मला एवढं लांब पत्र लिहावंसं वाटलं ते मुख्यतः या एका आकड्यासाठी.

त्याच्यावरचे आक्षेपही तुला माहीत हवेत, कारण तोंडी परीक्षेत तेच विचारतील. प्रयुक्त एकच, तोही स्वतः, आणि अपेक्षित उत्तर ठाऊक असलेला. हा धोका त्यानं स्वतःच ओळखला होता. हाती आलेले आकडे पुढच्या चाचण्यांवर नकळत परिणाम करतात, याची चर्चा त्याच्या पुस्तकातच आहे. दुसरा आक्षेप केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांचा, १९३२ चा. अर्थ काढून टाकलात तर माणूस रोजच्या आयुष्यात जे आठवतो ते मागेच राहिलं. हा मला रास्त वाटतो, पण त्यानं एबिंगहाउस खोटा ठरत नाही. एबिंगहाउसनं प्रश्नाचा एक तुकडा निवडला आणि तो पुरता सोडवला. तिसरी गोष्ट तुझ्या थेट कामाची आहे. १९५७ मध्ये अंडरवुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की आधी पाठ केलेल्या याद्या नंतरच्या यादीच्या आड येतात. एबिंगहाउसनं शेकडो याद्या घोकल्या होत्या, त्याच्या आलेखाचा तीव्र उतार बराचसा त्यामुळे आहे. म्हणून तुझ्या प्रत्येक यादीला क्रमांक दे. ती तुझी कितवी यादी, हे विश्लेषणात लागेल.

जाता जाता मेरी कॅल्किन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल वाच. पदांच्या जोड्या लावून स्मरण तपासण्याची पद्धत तिनं १८९० च्या दशकात हार्वर्डमध्ये काम करताना काढली. डॉक्टरेटच्या सगळ्या अटी तिनं पूर्ण केल्या, पण ती बाई आहे म्हणून हार्वर्डनं पदवी दिली नाही. १९०५ मध्ये ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची अध्यक्ष झाली. पद्धत आजही वापरतात.

आता तुझं काम. विषय मी सुचवतो: विभाजित सराव, म्हणजे एकदम न घोकता सराव काही दिवसांत वाटून करणं. एबिंगहाउसला असं आढळलं की बारा पदांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा वाचून जो फायदा दुसऱ्या दिवशी मिळतो, तोच ३८ वाचनं तीन दिवसांत वाटून घेतली तरी मिळतो. रात्र रात्र जागून घोकंपट्टी करणाऱ्या आपल्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना हे कुणीतरी त्यांच्या भाषेत मोजून दाखवायला हवं. तू मराठी पदांवर करून बघ.

मराठीत पदं बनवणं मात्र सोपं नाही. आपल्याकडे अन्त्य ‘अ’ उच्चारत नाहीत, त्यामुळे दोन अक्षरं लिहिली की व्यंजन-स्वर-व्यंजन आपोआप मिळतं. पण ‘घर’, ‘मठ’, ‘नळ’ असे अर्थाचे शब्दही ढिगानं निघतात. ‘झेघ’, ‘ठूभ’ अशी पदं घे. आधी वीस-पंचवीस जणांना वाचून दाखव, कुणाला काय आठवतं ते टिपून घे, आणि चटकन अर्थ सुचणारी बाजूला काढ. बोलीनुसार फरक पडेल, म्हणून वऱ्हाडातली, कोकणातली, घाटावरची माणसं त्यात असू देत. एवढी तपासलेली यादीसुद्धा पुढच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

तालासाठी मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणारं ॲप, पुरतो. पहिली प्रयुक्त तू स्वतः हो, शिवाय आठवडे-आठवडे टिकतील अशा तीन-चार मैत्रिणी घे. शंभर जणांकडून एकेकदा घेण्यापेक्षा चार जणींकडून पुन्हा पुन्हा घेतलेलं मोजमाप या प्रश्नाला जास्त उपयोगाचं आहे. गाइडशी वाद घालू नकोस. एका पानाचा आराखडा आणि ॲम्स्टरडॅमचा तो निबंध त्यांच्यापुढे ठेव. एकाच प्रयुक्तावरचं काम आजही छापलं जातं, हे दिसलं की त्यांची धास्ती कमी होईल. सुरुवातीलाच तुझा अंदाज लिहून पाकिटात बंद कर आणि ते त्यांच्याकडे दे.

वही आखशील तेव्हा वेळ, यादी क्रमांक, वाचनं, सेकंद यांच्या शेजारी एक रुंद रकाना ठेव. सर्दी, अपुरी झोप, शेजारचा लाउडस्पीकर, घरचं कार्य, सगळं त्यात जाऊ दे. खाडाखोड झालेलं पान फाडू नकोस. पहिल्या दोन आठवड्यांच्या पानांचे फोटो मला पाठव, सरासरी काढायच्या आधी. बिघडलेले दिवस वगळू नकोस, मी तेच आधी बघणार आहे.

तुझे,
सर